घाटावरची सरई

पोरांनो, बालाघाटहून बैहरकडे निघालं की घाट लागतो. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात सागवान, वर पोचलं की सरईचं राज्य. सरई म्हणजे सालवृक्ष.

सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या सुमारास हा डोंगर चढून लक्ष्मण नाईक वर गेला. खाली नागपूरच्या भोसल्यांचा अंमल होता. त्यांच्या कटकच्या मोहिमेत लढलेल्या पवारांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या होत्या. नाईकानं वरचं रान निवडलं आणि परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं वसवली, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. तिकडे अमेरिकेत 1775 साली डॅनियल बूननं डोंगरातून केंटकीची वाट पाडली, लाकडी गढी उभारली, पुढे तो तिथल्या गावकऱ्यांच्या फौजेत अधिकारी झाला. बूनवर पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. आपल्या नाईकाला मिळाल्या एक-दोन ओळी. याची मला खंत वाटते.

"आबाजी, त्याच्याआधी तिथं कुणीच नव्हतं?"

होते की! बैगा होते, गोंड होते. बैगा झाडं तोडून जाळायचे आणि त्या राखेत कोदो-कुटकी पेरायचे, ती बेवर शेती. बून गेला ते रानही शॉनी लोकांच्या शिकारीचं होतं. म्हणून ‘पहिली गावं’ म्हणजे पहिली नांगराची गावं, असं मी समजतो.

आता त्या पठाराची करामत ऐका. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसाची ऊब रात्री आभाळाकडे सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारानं वाहत खोलगट जागी साचते. म्हणून उतारावर गारवा कमी आणि खालच्या मैदानात मात्र गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं! बैहरजवळच्या कान्ह्याच्या जंगलातल्या मैदानांत सरई सहजी शिरत नाही, त्याचं हे एक कारण. वणवा आणि चरणारी जनावरं ही दुसरी.

सरईचं बी पावसाच्या तोंडावर पंख लावून गळतं आणि आठवडाभरात रुजलं नाही तर मरतं. रुजलं तरी सुटका नाही. थंडीनं किंवा वणव्यानं रोपाचा शेंडा जळतो. पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं, पुन्हा जळतं. कितीतरी वर्षं हेच चालतं. पण मातीखाली मूळ जाड होत असतं, अन्न साठवत असतं. साठा पुरेसा झाला की एका वर्षी कोंब असा सरळ वर जातो, की पुढच्या थंडीचा हात शेंड्यापर्यंत पोचत नाही.

जानेवारीत बैहरकडे गेलात तर उजाडायच्या आत उठा. आधी उतारावर उभे राहा, मग खालच्या मैदानात उतरा. गारठ्यातला फरक पायांनाच कळेल. आणि वाटेत गुडघ्याएवढं सरईचं रोप दिसलं, तर ते उपटू नका. त्याचं मूळ तुमच्यापेक्षा वयानं मोठं असू शकतं.