शोधयंत्रांची क्रमवारी आणि मानवी हस्तक्षेप

माहितीच्या महाजालावर अब्जावधी पाने आहेत. परंतु त्यांपैकी कोणते पान वाचकाच्या दृष्टीस पडावे, हे बहुतांशी शोधयंत्रच ठरवते. क्रमवारीत मागे पडलेले संकेतस्थळ अस्तित्वात असूनही नसल्यासारखेच असते. विद्यार्थ्याला मिळणारी माहिती, लघुउद्योजकाला मिळणारा ग्राहक आणि नागरिकाचे सार्वजनिक विषयांवरील मत या सर्वांवर या क्रमवारीचा प्रभाव पडतो. त्यामुळे संगणकाने लावलेला क्रम माणसाने बदलावा का, आणि बदलल्यास तो कोणत्या नियमांनी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिलेला नाही. तो स्पर्धा आणि न्याय यांच्याशी निगडित झाला आहे.

क्रमवारी कशी लागते?

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याची स्वयंचलित प्रणाली महाजालावरील पाने गोळा करते. नंतर त्यांची सूची तयार होते. आणि शेवटी विचारलेल्या प्रश्नाशी सुसंगत अशी पाने क्रमाने मांडली जातात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल कंपनीचे संस्थापक लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी या शेवटच्या टप्प्यासाठी ‘पेजरँक’ हे सूत्र विकसित केले. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे जणू त्यास मत देणे, आणि मत देणारे पान जितके प्रतिष्ठित तितके त्या मताचे वजन अधिक, असे त्याचे तत्त्व आहे. पुढे या सूत्रास अन्य अनेक निकषांची जोड मिळाली.

मानवी हस्तक्षेप म्हणजे अशा सूत्राने आलेला क्रम कंपनीने विशिष्ट संकेतस्थळापुरता किंवा विशिष्ट प्रकारच्या निकालांपुरता स्वतःच्या निर्णयाने बदलणे. संकेतस्थळ खाली ढकलणे, सूचीतून वगळणे अथवा ठराविक जागा आधीच राखून ठेवणे ही त्याची प्रमुख रूपे होत.

हस्तक्षेपाची गरज

सूत्र जितके प्रसिद्ध होते, तितके त्याला फसविण्याचे प्रयत्नही वाढतात. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने सूचीतून वगळले. शोधयंत्राला एक पान आणि वाचकाला दुसरेच पान दाखविण्याची युक्ती तेथे योजण्यात आली होती. आक्षेपार्ह पाने काढल्यानंतर काही दिवसांतच ते संकेतस्थळ सूचीत परतले. २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रेत्या कंपनीच्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या कृत्रिम दुव्यांचे जाळे उघडकीस आल्यावर त्यावरही अशीच कारवाई झाली. जानेवारी २०१२ मध्ये तर गूगलने नियमभंगाबद्दल आपल्याच ‘क्रोम’ या न्याहाळकाचे पान क्रमवारीत खाली आणले. नियम पाळणाऱ्यांना संरक्षण देण्यासाठी अशा कारवाईची गरज असते, यात शंका नाही.

यंत्र तटस्थ असते का?

याउलट, क्रमवारीला मानवी हात लागूच नये, असाही एक पक्ष आहे. २००४ मध्ये ‘ज्यू’ या शब्दाच्या शोधात एक द्वेषमूलक संकेतस्थळ अग्रस्थानी येत असल्याचे आढळले. गूगलने क्रम न बदलता निकालासोबत स्पष्टीकरणाची सूचना जोडली. एका ठिकाणी पसंतीनुसार बदल केला की पुढे प्रत्येक मागणी मान्य करावी लागेल, ही या पक्षाची भीती निराधार नाही.

तथापि, यंत्राचे सूत्रही माणसानेच लिहिलेले असते. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर. किंमत-तुलना करणाऱ्या प्रतिस्पर्धी सेवांना सूत्रामुळे क्रमवारीत खाली जावे लागत होते. गूगलच्या स्वतःच्या तुलना सेवेला मात्र ते सूत्र लागूच नव्हते आणि तिला ठळक जागा मिळत होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. अन्याय हाताने होऊ शकतो तसा सूत्रानेही होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

न्यायालये आणि नियामक संस्था

अमेरिकेत ‘सर्चकिंग’ या कंपनीने आपले स्थान हेतुपुरस्सर घसरविल्याचा आरोप करून गूगलविरुद्ध दावा दाखल केला. ओक्लाहोमातील संघीय न्यायालयाने २००३ मध्ये तो फेटाळला. संकेतस्थळाला दिलेले स्थान हे कंपनीचे मत आहे आणि त्यास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले.

भारतात हा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या कक्षेत आला. मॅट्रिमोनी डॉट कॉम व ‘कट्स’ ही ग्राहकहितासाठी कार्य करणारी संस्था यांच्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी निर्णय देऊन गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. २०१० पूर्वी काही विशेष निकाल पहिल्या, चौथ्या वा दहाव्या अशा आधीच ठरवलेल्या स्थानीच दाखविले जात. ते केवळ सुसंगतीवर ठरत नव्हते. ही पद्धत वापरकर्त्यांवर अन्याय करणारी असल्याचे आयोगाच्या बहुमताने मानले. दोन सदस्यांनी भिन्नमत नोंदविले आणि गूगलने निर्णयाविरुद्ध अपील केले.

मात्र सार्वजनिक हितासाठी हस्तक्षेप आवश्यक ठरतो, याचेही उदाहरण भारतातच आहे. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातींना १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय समन्वय यंत्रणा नेमण्याचे निर्देश दिले. तिच्याकडून सूचना मिळताच अशा जाहिराती ३६ तासांत हटविणे शोधयंत्र कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले.

नैसर्गिक न्यायाची कसोटी

वरील उदाहरणांवरून दिसते की, हस्तक्षेप हाताने झाला की सूत्राने, यावर त्याची न्याय्यता ठरत नाही. नैसर्गिक न्यायाची जुनी तत्त्वेच येथे उपयोगी पडतात. पहिले तत्त्व असे की, कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. शोधयंत्राची मालक कंपनी त्याच बाजारात स्वतःची सेवा विकत असेल, तर तिच्या निर्णयाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे. दुसरे तत्त्व म्हणजे बाजू ऐकून घेणे. ज्याचे स्थान घसरविले त्याला त्याची सूचना, कारण आणि फेरविचाराची संधी मिळाली पाहिजे. मोठी कंपनी काही दिवसांत पूर्वस्थानी येते; कारणच न कळलेल्या लहान व्यावसायिकाला मात्र चूक दुरुस्त करण्याचा मार्गही सापडत नाही.

या दिशेने काही पावले पडली आहेत. ऑगस्ट २०१३ पासून गूगलने संकेतस्थळ चालकांना मानवी कारवाईची माहिती पाहण्याची सोय दिली असून फेरविचारासाठी विनंतीही करता येते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या नियमानुसार क्रमवारीचे प्रमुख निकष शोधयंत्रांनी जाहीर करावे लागतात. त्रयस्थाच्या सूचनेवरून एखाद्या संकेतस्थळाचे स्थान बदलले, तर ती सूचना पाहण्याचा हक्कही संबंधिताला मिळाला आहे. भारतात मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात स्वतःच्या सेवेला झुकते माप देण्यास मनाई सुचविण्यात आली होती.

संपूर्ण सूत्र उघड केल्यास फसवणूक करणाऱ्यांचेच फावेल, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. परंतु नियम पूर्णपणे उघड न करताही निर्णयाचे कारण सांगता येते. माहितीच्या या प्रवेशद्वारावर पहारा असणे अपरिहार्य आहे. ज्याला आत येऊ दिले नाही, त्याला त्याचे कारण विचारता यावे, एवढी हमी मात्र असली पाहिजे.