काठीचा ढोल आणि चर्चमधली गिटार

होळी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर संध्याकाळ येते. काठीत मात्र होळी पेटते पहाटे! नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं हे सातपुड्याच्या कुशीतलं गाव. फाल्गुन पौर्णिमेला डोंगरापलीकडच्या पाड्यापाड्यांवरून माणसं इथे उतरतात, रात्रभर ढोल घुमतो, फेर धरले जातात आणि उजाडायच्या सुमारास राजवाडी होळीला अग्नी मिळतो. ही परंपरा 1246 सालापासूनची आहे असं इथे सांगतात. होळीचा बांबू जवळजवळ 70 फूट उंच असतो. तो रोवायचा खड्डा कुदळ-फावड्यानं खणत नाहीत, हातांनी उकरतात.

आता या होळीत नवसानं नाचणाऱ्या बुध्याकडे बघा. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. पाय आपटला की भोपळे खडखडतात, कंबर हलली की घुंगरं बोलतात. बुध्याच्या हाती वाद्य नसलं तरी चालतं, कारण तो स्वतःच वाद्य झालेला असतो. आणि हा तमाशा नव्हे, व्रत आहे. नवस बोललेले लोक होळीच्या दिवसांत खाटेवर झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात. माझ्या मते महाराष्ट्रातलं सगळ्यात जोमदार समूह-उपासनेचं संगीत ऐकायचं असेल, तर इथेच यावं.

देवासाठी शेकडोंनी मिळून गायचं आणि तेही अंगात ठेका भिनवून, ही गोष्ट कॅथलिक चर्चला मात्र विसाव्या शतकात नव्यानं शिकावी लागली. त्या शिकण्याच्या गोष्टी भन्नाट आहेत.

1958 साल. बेल्जियन काँगोमध्ये गिडो हासेन नावाचा धर्मगुरू मुलांचा आणि शिक्षकांचा एक गायकवृंद चालवत होता. शब्द लॅटिन प्रार्थनेचे, चाली आणि ढोल काँगोचे! ‘मिसा लुबा’ नावाची ही रचना कुणी कागदावर लिहून काढली नव्हती. गाता गाता सगळ्यांनी मिळून ती घडवली. पुढे त्यातलं ‘सांक्तुस’ 1968च्या ‘इफ’ या ब्रिटिश चित्रपटात वाजलं आणि जगभर पोचलं.

मग 4 डिसेंबर 1963. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लोकांच्या भाषेत प्रार्थना करायला वाट मोकळी झाली आणि त्या त्या समाजाच्या संगीताला मान द्यावा असंही त्यात आलं. पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेझनं ‘मिसा क्रिओला’ रचली. भाषा स्पॅनिश, चारांगो नावाचं छोटं तंतुवाद्य, आणि झाडाचं खोड कोरून, वर कातडं ताणून केलेला बोंबो ढोल. सातपुड्यातल्या ढोलकऱ्याला बोंबो परका वाटणार नाही. सगळ्यात गोड भाग पुढे आहे. ‘पवित्र, पवित्र’ म्हणणाऱ्या सर्वांत गंभीर प्रार्थनेला रामिरेझनं ठेका दिला बोलिव्हियाच्या कोचाबांबा शहरातल्या कार्निव्हलचा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या सणाच्या नाचाचा. आपल्या शिमग्याचाच मोसम की हो!

रॉकवाले तरी मागे का राहतील? 1968मध्ये अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ बँडच्या नावानं ‘मास इन एफ मायनर’ निघाली. संगीत डेव्हिड ॲक्सलरॉडचं. सगळी प्रार्थना जुन्याच भाषेत आणि सोबत करकरणारी इलेक्ट्रिक गिटार. त्यातलं ‘किरिए’ ‘ईझी रायडर’ चित्रपटात ऐकू येतं.

आपल्याकडे हे धाडस केलं दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ बँडनं. त्यांच्या 2000 सालच्या अल्बमचं नावच ‘कंदिसा’. हे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचं प्राचीन स्तोत्र आहे, भाषा येशूच्या बोलीच्या कुळातली. पण काठीच्या वाचकासाठी त्याच अल्बममधलं दुसरं गाणं जास्त जवळचं आहे. ते म्हणजे ‘मा रेवा’. रेवा म्हणजे नर्मदा, आणि गाणं नर्मदाखोऱ्यातलं लोकगीत. बँडचा बास गिटारवादक राहुल राम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ता होता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं मणिबेली हे काठीच्याच तालुक्यातलं गाव. दिल्लीच्या रंगमंचावर बास गिटारसोबत घुमणारी नर्मदेची आळवणी अशी इथल्या खोऱ्याला येऊन भिडते.

मराठीत तर हा मेळ फार जुना. फादर थॉमस स्टीफन्सनं 1616 साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापलं. इंग्रज माणूस, कथा बायबलची, छंद ओवी! गोव्यातल्या चर्चमध्ये लोक ते गाऊन वाचत. 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी पुढे अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेनं गाणी लिहिली. मराठी चर्चमधून ती आजही म्हटली जातात. आणि आज मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ बँड संतांचे अभंग ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारवर गातो. दिंडीत टाळ-मृदंगावर पावली टाकलेल्या माणसाला त्यात चुकल्यासारखं वाटत नाही, कारण ठेका त्याच्या पायांना आधीच ठाऊक असतो.

नंदुरबारची एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत जायला हवी होती. 1937 साली तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांनी भिल्लांना सामूहिक आरतीसाठी बोलवायला सुरुवात केली. दारू सोडा, आंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढा साधा उपदेश. आरतीच्या दिवशी हजारो माणसं डोंगर उतरून तिथे जमत. ज्यांना सावकार आणि अंमलदार अरेतुरे करत आले होते, ती माणसं एका सुरात आरती म्हणून परस्परांना ‘आप’ म्हणत घरी जात. 1938मध्ये महाराज गेले, तेव्हा त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी आरती पुढे चालू ठेवली.