भाड्याचें घर आणि आधाराचें जनावर



‘कुत्रीं-मांजरें पाळणारांस जागा मिळणार नाहीं’ ही अट भाड्याची जागा शोधणारांस नवी नाहीं. ती घालण्यांत मालकाची दुष्टबुद्धि असते असेंही नाहीं. जिना घाण होतो, दारें ओरबाडलीं जातात, शेजारी तक्रार घेऊन येतात. आणि घर त्याचें असल्यामुळें नियम करण्याचा हक्कही त्याचाच असतो. परंतु तें कुत्रें हौसेखातर पाळलेलें नसून मानसिक दुखण्यानें पीडलेल्या एखाद्या माणसाचा आधार असेल, तर तोच नियम त्याला तसाच लावावा काय? अमेरिकेंत या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलें आहे. आपल्यांतील पुष्कळ घरांचीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं त्या देशांत भाड्याच्या जागेंत राहतात. म्हणून तेथील व्यवस्था समजून घेणें आपल्याही उपयोगाचें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. अंध माणसाला वाट दाखविणाऱ्या कुत्र्याविषयीं आपण ऐकलें असेल. त्या कुत्र्याला ठराविक कामाचें शिक्षण दिलेलें असतें. ज्याला तिकडे ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’ म्हणतात, त्या जनावराची गोष्ट निराळी आहे. त्याला कोणतेंही खास शिक्षण नसतें. तें जवळ असणें हेंच त्याचें काम. तीव्र नैराश्यानें किंवा भयानें ग्रासलेला मनुष्य कित्येकदां अंथरुणांतून उठावयासही तयार नसतो. परंतु कुत्र्याला फिरवून आणावयाचें आहे, मांजराला खावयास घालावयाचें आहे, एवढ्या कारणानें तो उठतो आणि त्याच्या दिवसाला कांहीं क्रम लागतो. अर्थात् हें औषधोपचाराच्या ऐवजीं नव्हे, तर त्याच्या जोडीला.

अशा जनावराला सर्वत्र मुक्तद्वार आहे, ही समजूत मात्र चुकीची आहे. अपंगांच्या हक्कांविषयींच्या १९९० च्या कायद्याखालीं दुकानांत व उपाहारगृहांत शिकविलेल्या कुत्र्यालाच, आणि कांहीं प्रसंगीं लहान जातीच्या घोड्याला, प्रवेश मिळतो. विमान कंपन्यांवर असलेलें बंधनही जानेवारी २०२१ पासून उठलें. घरापुरता कायदा अधिक उदार आहे. दुकानांत मनुष्य घटकाभर जातो. घरांत त्याला रोज राहावयाचें असतें.

या उदारपणाचें मूळ १९६८ सालच्या गृहविषयक कायद्यांत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यानें, ११ एप्रिल रोजीं, अध्यक्ष जॉन्सन यांनीं त्यावर सही केली. वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारूं नये हा त्याचा प्रारंभींचा हेतु होता. १९८८ सालीं त्यांत अपंगांचा समावेश झाला, आणि त्याबरोबर एक महत्त्वाचें तत्त्व आलें: अपंग व्यक्तीला इतरांइतकाच घराचा उपभोग घेतां यावा यासाठीं जरूर असेल तेथें नियमांत वाजवी सवलत दिलीच पाहिजे; ती नाकारणें हाच पक्षपात. लंगड्या माणसाला दाराजवळ गाडी उभी करूं देणें ही जशी सवलत, तशीच ‘जनावरें नकोत’ या नियमाला अपवाद करणें हीही. मानसिक व्याधि माणसाच्या रोजच्या जीवनांत मोठी बाधा आणीत असेल, तर तीही या कायद्यांत येते.

मात्र सवलत मागणाऱ्यानें दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: आपणांस खरोखर अशी व्याधि आहे, आणि या जनावराचा त्या व्याधीशीं संबंध आहे. मनाचें दुखणें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून मालक उपचार करणाऱ्या डॉक्टरचें पत्र मागूं शकतो. रोगाचा सारा इतिहास मात्र त्यानें मागूं नये. जनावर हौसेचें नसल्यामुळें त्याबद्दल वेगळें भाडें किंवा अनामत घेतां येत नाहीं, असाच अर्थ सामान्यतः लावला गेला आहे. पण त्यानें प्रत्यक्ष केलेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरूलाच करावी लागते. तें विशिष्ट जनावर खरोखर धोकादायक असेल, तर मालक नकारही देऊं शकतो. शिवाय चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या इमारतींत मालक स्वतः राहत असेल, तर त्याला हें बंधन बहुधा लागू होत नाहीं.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें नेब्रास्का राज्यांतील कर्नी येथील विद्यापीठाचा खटला पाहण्यासारखा आहे. एका विद्यार्थिनीला आपलें लहानसें कुत्रें विद्यापीठाच्या जागेंत ठेवावयाचें होतें. विद्यार्थी तेथें तात्पुरते राहतात, म्हणून तें कायद्याच्या अर्थानें ‘घर’ नव्हे, असें विद्यापीठाचें म्हणणें होतें. २०१३ सालीं न्यायालयानें तें अमान्य केलें, आणि २०१५ मध्यें विद्यापीठानें दोघां माजी विद्यार्थ्यांना १,४०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटविलें.

परंतु दोन खऱ्या गरजा एकमेकींच्या आड आल्या तर? आयोवा राज्यांत असें घडलें. कुत्र्याच्या सान्निध्यानें श्वासाचा तीव्र त्रास होणाऱ्या एका बाईनें, जनावरांस बंदी असलेली जागा पाहूनच करार केला. पुढें त्याच मजल्यावर आलेल्या भाडेकरूनें आधारासाठीं कुत्रें ठेवण्याची परवानगी मागितली. मालकानें ती दिली. दोघांनीं निराळे जिने वापरावे असें ठरविलें. हवा शुद्ध करणारें यंत्रही आणलें. तरी बाईंचा त्रास थांबेना. २०२० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्यांचा करार आधींचा होता, ही गोष्ट निर्णायक ठरली. मालक कोणी दुष्ट नव्हता, कुत्रेंवाला लबाड नव्हता. तरीही एकाची सवलत दुसरीच्या आरोग्यावर बेतली. ‘वाजवी’ या शब्दांत शेजारीही येतो, हें या निकालानें दाखविलें.

सवलत आली कीं तिचा गैरफायदाही येतो. माणसास न पाहतां, पैसे घेऊन घटकाभरांत दाखले देणारे धंदे तेथें निघाले आहेत. त्यांस आळा घालण्यासाठीं कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२२ पासून असा नियम केला कीं, कुत्र्यासाठीं दाखला देणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञाचा रुग्णाशीं निदान ३० दिवसांचा संबंध असला पाहिजे. खोट्या दाखल्याचें खरें नुकसान मालकापेक्षां खऱ्या रुग्णाचें अधिक होतें. कारण पुढच्या खऱ्या पत्राकडेही मालक संशयानेंच पाहतो.

आपली मुलगी किंवा मुलगा अशा अडचणींत असेल, तर त्यांना इतकेंच सांगावें कीं, जनावर लपवून आणूं नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरचें पत्र घ्यावें आणि मालकाकडे लेखी मागणी करावी. सरकारी मार्गदर्शक पत्रकें येतात व बदलतात, राज्याराज्यांचे नियमही निराळे. तेव्हां त्या वेळचे स्थानिक नियम जाणकारास विचारावे.

आपल्याकडे भाडेकरूच्या अशा जनावराविषयीं स्पष्ट तरतूद नाहीं. तथापि २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यांत मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि वाजवी सवलतीचें तत्त्वही आहे. नियम सर्वांस सारखा लावला म्हणजे न्याय झाला, अशी आपली सहज समजूत असते. पण जो नियम एकाला केवळ गैरसोयीचा, तोच दुसऱ्याला बेघर करणारा ठरूं शकतो. हा फरक ओळखून, आणि शेजाऱ्याला न विसरतां, मार्ग काढणें यालाच त्या कायद्यानें ‘वाजवी’ म्हटलें आहे.