सडा कोणाच्या हिशेबात?

सातबाऱ्यावर पोटखराब्याची नोंद असते. पीक निघत नाही अशा जमिनीचे क्षेत्र तिथे लिहायचे आणि त्यावर सारा आकारायचा नाही, अशी ही जुनी महसुली सोय. सिंधुदुर्गातल्या जामसंडे-देवगड परिसरातल्या सड्यांचा, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळांचा, बराच भाग पिढ्यान्‌पिढ्या याच नोंदीत पडून राहिला आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात तर उजाड, खडकाळ जमिनीचा वेगळा वर्गच आहे. गावचा तलाठी आणि दिल्लीचा उपग्रह यांचे एकमत व्हावे असे विषय थोडे, पण कातळ रिकामा आहे यावर दोघांची सही आहे. माझे म्हणणे असे की ही नोंद चुकीची आहे. सडा म्हणजे जंगल तुटून उरलेली ओसाडी नव्हे. ते स्वतंत्र, प्राचीन भूदृश्य आहे, आणि देवगडच्या हापूसच्या भल्यासाठीसुद्धा त्याचा काही भाग अखंड राहणे जरुरीचे आहे.

सिंधुदुर्गात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाने युगानुयुगे खडकातली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, आणि त्यांचाच जांभा झाला. मे महिन्यात या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही. जुलैत त्याच जागी घोटाभर पाणी असते. एका वर्षात वाळवंट आणि पाणथळ या दोन्ही अवस्था सोसणारे जीवच इथे टिकतात. पहिल्या पावसानंतर उमलणारी पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय दिपकाडी, जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, जगात या पट्ट्याबाहेर सापडत नाही. पाठोपाठ गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू येतात. यांतल्या शेवटच्या दोघी कीटकभक्षी, कारण बोटभर मातीत नत्र जवळजवळ नसतेच. ऑक्टोबर संपेपर्यंत हा सगळा पसारा बी किंवा कंद होऊन गडप होतो. एप्रिलमध्ये मोजणीला आलेल्या माणसाला तिथे काही दिसले नाही, तर त्यात त्याचा दोष नाही. दोष एप्रिलमध्ये मोजणी ठेवणाऱ्याचा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गुरे चरून, गवत कापून, भाजावळीसाठी फांद्या तोडून माणसानेच सडा उघडा केला. मूळचे इथे जंगल असेल, मग आता कलमे लावली तर झाडीच परत आली, असे हे म्हणणे. याला उत्तर सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे देतात. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या कोकणातल्या नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक गोव्यातले आणि एक मालवण तालुक्यातले कुडोपी. तज्ज्ञ या चित्रांचा काळ हजारो वर्षे मागे नेतात. नेमक्या सहस्रकाबद्दल मतभेद आहेत. पण कालनिर्णय काहीही निघो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा प्रचंड हत्ती कोरायला मोकळा, सलग, मातीविना कातळ लागतो. दाट रानाखाली असे चित्र कोरता येत नाही, आणि कोरले तरी कोणाला दिसत नाही. म्हणजे कोरणाऱ्यांच्या काळीही इथे सडाच होता. शिल्पांमध्ये हत्ती, वाघ, मासे, कासव यांच्यासोबत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा नाही. हे प्राणी कोकणातच पाहून कोरले असतील, तर त्या काळी सड्याभोवती गवताळ, दलदलीची जागाही असली पाहिजे. देशाच्या वन्यजीवांच्या इतिहासातला हा कागद आपण चिऱ्याच्या खाणींत कापून विकतो आहोत.

दुसरा साक्षीदार बोटाएवढा आहे. रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावातून १९६३ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेली पांढऱ्या पट्ट्यांची पाल कातळावर पडलेल्या सुट्या दगडांखाली राहते. केवळ अशा जागेशी बांधलेली जात शे-दोनशे वर्षांच्या जंगलतोडीतून घडत नाही. तिला फार मोठा काळ लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोकळे सडे, बागा आणि सोडून दिलेली भातखाचरे इथले सुटे दगड उलटून त्यांखालचे जीव मोजले गेले. मोकळ्या कातळाच्या मानाने बागांत ही पाल कमी आढळली. कारण समजायला फार शास्त्र नको. कलम लावायचे तर कातळात सुरुंग घेऊन खड्डा पाडतात, बाहेरची माती आणून भरतात, आणि सुटे दगड वेचून गडगे रचतात. गडग्यातही काही जीव आसरा घेतात, हे खरे, पण पालीचे घर मोडून बांधलेली ती दुसऱ्यांची चाळ असते.

फुरसे या विषारी सापाचा उल्लेख केल्याशिवाय सड्याची गोष्ट पुरी होत नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग त्यातून १९८१ मध्ये वेगळा झाला) फुरसे मारणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि मारलेल्यांचा आकडा लाखांत जाई. तरीही फुरसे संपले नाही. शेतमजुराच्या पायाला ते आजही चावते, म्हणून त्याच्याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण हृदयविकाराच्या रुग्णांना रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून देतात ते टिरोफिबान हे औषध याच सापाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून तयार झाले. पोटखराब्याच्या नोंदीत असल्या गोष्टींना जागा नसते.

आता खरा प्रश्न हापूसचा. जामसंड्यात आंबा उत्पादकांची तालुका सहकारी संस्था आहे. इथल्या घराघराचे वर्ष आंब्यावर उभे आहे. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फलोद्यान योजनेने कोकणात कलमांना अनुदान दिले आणि मुंबईच्या गिरणीकडे बघणाऱ्या घरांना गावात पीक मिळाले. त्या कातळफोडीला आज पर्यावरणाचा गुन्हा म्हणणे हे शहरातल्या खुर्चीतले शहाणपण होईल. परंतु तेव्हा सुरुंग आणि पहार होती, आता पोकलेन आहे. पूर्वी एका पिढीत फुटायचा तेवढा सडा आता एका उन्हाळ्यात सपाट होतो. शिवाय २०१८ मध्ये कोकण हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते मुळात या भूमीमुळे. पेटीवर कातळाचे नाव विकायचे आणि शेवटचा कातळही फोडायचा, हे व्यापाराच्या दृष्टीनेही आंधळेपणाचे आहे. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानाजवळच्या आंबाबागांचा अभ्यास झाला, त्यात नैसर्गिक अधिवासापासून दूर जावे तसे फुलांवर येणारे परागवाहक आणि त्यांबरोबर उत्पन्नही घटत गेले. देवगडला तोच आकडा लावता येणार नाही, पण आंब्याच्या मोहोरावरच्या माश्या-मधमाश्यांना मोहोर नसतानाही कुठेतरी जगावे लागते, हे तर्काला धरून आहे. जांभ्यातून झिरपलेले पाणी सड्याच्या पायथ्याशी झऱ्या-विहिरींना उतरते. कलमांना फेब्रुवारी-मार्चमध्ये घालायचे पाणी बहुधा तिथूनच येते.

सडा खासगी मालकीचा आहे, मग राखायचा खर्च मालकाने का सोसावा, हा आक्षेप मात्र मला पूर्णपणे खोडता येत नाही. सिंधुदुर्गात संरक्षण मिळालेल्या जागा पाहा: मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, तिलारीचे संवर्धन राखीव क्षेत्र २०२० चे, आंबोलीतले हिरण्यकेशीचे कुंड तिथल्या माशामुळे २०२१ मध्ये जैविक वारसास्थळ झाले. समुद्र, जंगल, झरा. किनाऱ्याचा कातळ यांत नाही, कारण तो लोकांचा आहे आणि तो हिरवा दिसत नाही. कासचे पठार जागतिक वारशात गेले, तिथे शुल्क घेऊन गावकरी व्यवस्था पाहतात. पण ती वाट इथे तशीच उचलू नये, कारण इथल्या फुलांचा गालिचा छोटा आणि गर्दी सोसण्याची ताकद त्याहून कमी. फुटलेल्या सड्यावरच उत्पन्न वाढवायचे, न फुटलेला सलग तुकडा राखणाऱ्याला फलोद्यानाइतकेच अनुदान द्यायचे, हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो. कलमाला पैसे देता येतात तर न फोडलेल्या कातळालाही देता येतील.

हे तातडीचे का, ते नाणारच्या प्रकरणाने दाखवले. २०१७ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी राजापूर तालुक्यातल्या १४ गावांबरोबर देवगडमधली गिर्ये आणि रामेश्वर ही दोन गावे अधिसूचित झाली. २०१९ मध्ये विरोधानंतर प्रस्ताव मागे घेतला गेला. समर्थकांचा एक लाडका युक्तिवाद होता की जमीन ओसाडच आहे. लोक बागांसाठी लढले, आणि ते रास्तच होते. बागांच्या मधल्या सड्याची बाजू मांडायला कागदोपत्री मात्र फारसे काही नव्हते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे, आणि देवगड-जामसंडे नगरपंचायतही त्यात आली. ती नोंदवही जुलै ते सप्टेंबर या काळातच भरली पाहिजे. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालांसाठी मूळ स्थितीची माहिती सहसा पावसाळा वगळून एकाच ऋतूत गोळा करतात. सड्यापुरते बोलायचे तर जो ऋतू वगळतात, तेवढाच मोजण्यासारखा असतो.