खेळातले गुरुजी

गेल्या दिवाळीत चिखलीला गेलो होतो. भाचा मोबाइलवर एक जुना गेम खेळत होता. मध्येच वैतागून म्हणाला, "मामा, हा बुढा वाट सोडूनच नाही राह्यला!" पडद्यावर गावाबाहेरच्या रस्त्यात एक म्हातारा आडवा पडला होता.

हा गेम 'पोकेमॉन' मालिकेतला. मालिकेचे पहिले खेळ १९९६ साली जपानमध्ये आले. अशा खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात: खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि कथा त्याच्या हातून घडते. सुरुवातीलाच आपण गावाबाहेरच्या गवताकडे निघतो, तेव्हा प्रोफेसर ओक धावत येऊन अडवतात. गवतात जंगली प्राणी आहेत, रिकाम्या हाताने जाऊ नकोस, म्हणतात. प्रयोगशाळेत नेऊन तीन प्राण्यांपैकी एक निवडायला सांगतात. कोणता चांगला, हे मात्र सांगत नाहीत. पुढे एक काम पडते: शेजारच्या गावच्या दुकानातून त्यांचे पार्सल आणून द्यायचे. ते दिले की प्राण्यांची नोंद ठेवणारे यंत्र मिळते, आणि मग तो म्हातारा उठतो.

आता हे संगणकाच्या बाजूने पाहू. संगणकाला ना प्रोफेसर ठाऊक, ना कथा. त्याच्याकडे फक्त नोंदी असतात. 'पार्सल पोचले?' या नोंदीत ० असेल तर रस्ता बंद; १ झाला की मोकळा. थोडक्यात, ते एक कुलूप आहे. पण 'आधी अमुक करा' अशी नुसती पाटी झळकली असती तर खेळाडू कंटाळून उठला असता. मार्गदर्शक पात्र त्या कुलपाला माणसाचा चेहरा देते. अट तीच, पण आता कुणीतरी आपल्यावर काम सोपवलेले असते, आपली वाट पाहत असते. कथा पुढे सरकते ती या नात्यामुळे.

सगळेच मार्गदर्शक असे गोड नसतात. 'स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या खेळाच्या २००४ सालच्या दुसऱ्या भागात क्रिया नावाची वृद्धा आहे. वाटेत एक भिकारी पैसे मागतो. दिले, तर ते हिसकावण्यासाठी दुसरा त्याला मारतो. धमकावून हाकलले, तर तोच वैतागून तिसऱ्यावर हात उचलतो. क्रिया हे दृश्य दाखवते आणि दोन्ही वेळा आपल्यालाच फटकारते. बरोबर उत्तर नाहीच! मला हे पात्र आवडत नाही, पण खेळ बंद केल्यावरही ते डोक्यातून जात नाही.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. काटेकोर अर्थाने तो रोल-प्लेइंग नव्हे, साहसखेळ. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला राजी शोधायला निघते. तिला त्रिशूळ मिळतो दुर्गेकडून, धनुष्य विष्णूकडून, आणि तिच्या प्रवासावर दोघांचा संवाद चालू राहतो. चित्रे सुरेख आहेत. पण मला वाटते, देव जरा जास्तच बोलतात. राजी अडखळली की का अडखळली, हे आपल्याला कळायच्या आत त्यांचे भाष्य येते.

हाच दोष माझ्याही हातून झाला. बुलढाण्यातल्या एका शिक्षकमित्राबरोबर आठवीच्या मुलांसाठी लोणार सरोवराचा पत्त्यांचा खेळ केला. संगणक नाही, पुठ्ठ्याची कार्डे आणि 'लाल लिटमस निळा झाला तर कार्ड ४' अशा अटी. विवराच्या काठावर भेटणारा वाटाड्या मी लिहिला. हौसेने त्याच्या तोंडी पहिल्याच कार्डावर घातले, की हे विवर उल्केच्या आघाताने झाले. मुलांनी ते वाचले आणि कार्डे खाली ठेवली. शोधायला उरलेच काय?

दुसऱ्या वेळी वाटाड्याने फक्त लिटमस आणि भिंग दिले, आणि विचारले, "सगळीकडे बेसाल्ट, मग खड्डा एवढा गोल कसा?" वर्गात दोन तट पडले, ज्वालामुखीवाले आणि उल्कावाले. मॅस्केलिनाइटचे कार्ड आम्ही शेवटी ठेवले होते. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातल्या खनिजाची झालेली ही काच लोणारच्या खडकांत सापडते. त्या कार्डापर्यंत पोचायच्या आतच तास संपला. मधल्या सुट्टीत दोघे-तिघे माझ्यामागे आले, उत्तर विचारायला. मी म्हटले, वाटाड्याला विचारा.