विश्लेषण : फर्निचरच्या आतच दिवे बसवण्याचा ट्रेंड... पण दिवा बंद पडला तर?

नव्या फ्लॅटच्या इंटिरियरचे फोटो पाहिले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. खोलीत उजेड आहे, पण दिवा कुठेच दिसत नाही. टीव्ही युनिटच्या मागून, पलंगाच्या डोक्याकडच्या पॅनेलमधून, वॉर्डरोबच्या कडेने, किचनच्या वरच्या कपाटांखालून प्रकाशाची एक सरळ रेघ तेवढी येते. यालाच बाजारात ‘प्रोफाइल लाइट’ म्हणतात. घराला यामुळे देखणे रूप येते, यात शंका नाही. मात्र काही वर्षांनी ही रेघ विझते, तेव्हा दुरुस्ती बल्ब बदलण्याइतकी सोपी नसते. कधी कधी त्यासाठी चांगले पॅनेल उचकटावे लागते. असे का होते आणि काम देतानाच काय ठरवून घ्यावे, हे पाहू.

नेमके काय बदलले?

आपल्याकडचा नेहमीचा बल्ब म्हणजे दोन पिनांचा आणि २२ मिलिमीटर व्यासाच्या टोपीचा. कोणत्याही कंपनीचा बल्ब कोणत्याही होल्डरमध्ये बसतो, कारण माप ठरलेले आहे. त्यामुळे दिवा ही बदलायची वस्तू होती आणि होल्डर कायमचा. प्रोफाइल लाइटमध्ये होल्डरच नाही. दिवा हा फर्निचरचाच एक भाग झाला आहे.

हे शक्य झाले ते एलईडीच्या आकारामुळे. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारी एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तयार केली. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र पुरेशा प्रखर निळ्या एलईडीची गरज होती. ती १९९०च्या दशकात आली आणि त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. पण ते बल्ब जुन्याच होल्डरमध्ये बसत होते. आता होल्डरही गेला.

प्रोफाइल लाइटमध्ये असते काय?

मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, एलईडीची चिकटपट्टी म्हणजे स्ट्रिप. दुसरी, ती जिच्यात बसते ती ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावरचे दुधी झाकण. ॲल्युमिनियम केवळ दिसायला नसते, ते एलईडीची उष्णता बाहेर खेचते. पैसे वाचवण्यासाठी स्ट्रिप थेट प्लायवूडच्या खाचेत चिकटवली, तर ही उष्णता आतच कोंडते आणि एलईडी लवकर मंद होतात. तिसरी गोष्ट म्हणजे ड्रायव्हर. घरातील २३० व्होल्टचा एसी पुरवठा १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसीमध्ये बदलणारा हा छोटा डबा. तो दिसू नये म्हणून बहुतेकदा फॉल्स सीलिंगवर किंवा पॅनेलमागे टाकला जातो. खरी अडचण इथेच आहे.

आधी बिघडते काय?

बहुतेक वेळा स्ट्रिपच्या आधी ड्रायव्हर जातो. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यांच्या आतील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील ढोबळ नियम. बंद पॅनेलमागे हवाच खेळत नसेल, तर चांगल्या कंपनीचा ड्रायव्हरही लवकर थकतो. लाइट लुकलुकणे, उशिरा लागणे किंवा बारीक गुणगुण ऐकू येणे ही त्याची लक्षणे.

‘२५ हजार तास’ म्हणजे किती?

रोज सहा तास दिवा लावला, तर २५ हजार तास म्हणजे सुमारे ११ वर्षे. पण हा आकडा साधारणपणे एलईडीचा असतो, ड्रायव्हरचा नाही. शिवाय एलईडीचे आयुष्य संपले म्हणजे ती विझली असे नव्हे. तिचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपले, असे मोजण्याची पद्धत आहे. म्हणजे फर्निचर दहा-पंधरा वर्षांसाठी, एलईडी सुमारे दहा वर्षांसाठी आणि ड्रायव्हरची वॉरंटी बहुतेकदा एक-दोन वर्षांची. ज्याचे आयुष्य सर्वात कमी, तोच भाग सर्वात आत दडलेला.

१२ व्होल्ट की २४ व्होल्ट?

समजा, मीटरमागे १० वॅटची ६ मीटर स्ट्रिप आहे. एकूण ६० वॅट. १२ व्होल्टवर तिला ५ अँपिअर करंट लागेल, तर २४ व्होल्टवर अडीच अँपिअर. करंट निम्मा झाला की त्याच जाडीच्या वायरमध्ये वाया जाणारी वीज एक चतुर्थांश होते. म्हणूनच लांब पट्टीत १२ व्होल्टचा प्रकाश दुसऱ्या टोकाला फिका पडलेला दिसतो. मोठ्या भिंतीसाठी किंवा सीलिंगसाठी २४ व्होल्ट बरे. ड्रायव्हरही नेमका ६० वॅटचा न घेता २० टक्के जास्त क्षमतेचा, म्हणजे ७५ वॅटच्या आसपासचा घ्यावा. सतत पूर्ण भारावर चालणारा ड्रायव्हर अधिक तापतो.

नियम काय सांगतात?

युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दिवा आणि त्याचा ड्रायव्हर साध्या अवजारांनी, मूळ वस्तू न मोडता बदलता आला पाहिजे. तांत्रिक कारण देता आले तरच यातून सूट मिळते. भारतात एलईडी ड्रायव्हरला ‘बीआयएस’ची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. पण ही नोंदणी सुरक्षिततेसाठी आहे. ड्रायव्हर पॅनेलमागे कसा बसवला, हे ती पाहत नाही. ते काम ग्राहकालाच करावे लागते.

काम देताना काय ठरवावे?

कोटेशनमध्ये प्रोफाइल लाइटचा दर बहुतेकदा रनिंग फुटावर दिलेला असतो आणि तपशील तिथेच संपतो. पुढच्या गोष्टी लेखी घ्याव्यात.

ड्रायव्हरची जागा : प्रत्येक ड्रायव्हर हाताला लागेल असा हवा. लॉफ्ट, वॉर्डरोबचा वरचा कप्पा किंवा सीलिंगमध्ये उघडणारे छोटे झाकण चालते. सुताराने पॅनेल बंद करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि प्रत्येक ड्रायव्हरचा फोटो काढून ठेवावा.

स्ट्रिप : पट्टीचे झाकण बाहेरून निघाले पाहिजे. स्ट्रिप सिलिकॉनने कायमची चिकटवू देऊ नये.

जास्तीचा तुकडा : त्याच रोलमधील एक-दोन मीटर स्ट्रिप जपून ठेवावी. ‘३००० केल्विन’ लिहिलेल्या दोन रोलांतही रंगाचा फरक असू शकतो.

रंग : बैठकीच्या खोलीसाठी आणि बेडरूमसाठी २७०० ते ३००० केल्विन, किचन ओट्यासाठी ४००० केल्विन योग्य. वॉर्डरोब आणि आरशासाठी ‘सीआरआय’ ९० किंवा अधिक असावा. नाहीतर कपाटात जुळलेला साडी-ब्लाउजचा रंग बाहेर उन्हात वेगळाच दिसतो.

पाणी : सिंकजवळ ‘आयपी ६५’ दर्जाची स्ट्रिप घ्यावी.

भाड्याचे घर असेल तर?

भिंत न फोडता उजेड हलवण्याचा उपाय जुनाच आहे. १९६२ मध्येच इटलीत अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी ‘आर्को’ हा फ्लोअर लॅम्प तयार केला. सुमारे ६५ किलोच्या संगमरवरी ठोकळ्यातून निघालेली स्टीलची कमान थेट जेवणाच्या टेबलावर दिवा आणते. छताला भोक पाडायची गरज नाही. आज त्याच धर्तीचे हलके, स्वस्त लॅम्प सहज मिळतात. ते घेताना आतील दिवा सुटा आहे की कायमचा बसवलेला, एवढे एकदा विचारावे. होल्डर असेल, तर पुढची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानात होते.