गिरणीचे बॉयलरखाते
२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तहसिलीतील बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात, रेमंडची कापडगिरणी १९९१ पासून उभी आहे. अशा गिरणीत मागांची वाखाणणी सर्वत्र होते. परंतु रंगखात्यास वाफ, यंत्रांस दाबाची हवा आणि सूतखात्यास आर्द्रता अखंड पुरविणारी माणसे नजरेआड राहतात, हा मला अन्याय वाटतो. पाण्यातील चुना न काढता ते बॉयलरमध्ये सोडले, तर नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, इंधन वाया जाते आणि अखेरीस अतितप्त नळी फुगून फुटते; म्हणून जाणता बॉयलरचालक पाण्याचा नमुना तपासतो, काचनळीतील पातळी न्याहाळतो, तळचा गाळ सोडतो आणि सारे नोंदवहीत बिनचूक दर्ज करून पुढच्या पाळीच्या हवाली करतो.